हळू आवाजातली मागणी

औषधाच्या दुकानात तापाची गोळी मोठ्या आवाजात मागतात, खोकल्याचं औषधही. काही वस्तू मागताना मात्र गिऱ्हाईक आधी मागं वळून बघतं, रांगेत कोण उभं आहे ते. काखेच्या काळेपणावरची क्रीम ही त्यातलीच एक. बाई येते, आधी भलतंच काहीतरी घेते, पैसे देऊन झाले तरी रेंगाळते, आणि गर्दी ओसरली की ओढणीआडून बोट काखेकडे नेत विचारते, "इथल्यासाठी काही आहे का?" त्या जागेचं नाव कुणी घेत नाही. कन्नड बोलणारी घेत नाही, हिंदी बोलणारी घेत नाही. मी मराठी आहे हे कळल्यावर "काकू, तुम्ही आपल्याकडच्या?" म्हणत एकदम मोकळी होणारी मुलगीही तेवढा एक शब्द गिळते.

मी मूळची बेळगावची. लग्न होऊन बंगळूरला आले आणि सासरच्या यशवंतपुरातल्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी राहिले, ती अजून उभीच आहे. यशवंतपूर ही बघायला जाण्याची जागा नव्हे, पण माणसं बघायची तर याच्यासारखी जागा नाही. इथल्या मार्केट यार्डात नाशिक, नगर, सोलापूरचा कांदा उतरतो, त्यामुळे ड्रायव्हर-क्लीनर मंडळींची मराठी रोज कानावर पडते. जंक्शनातून आठवड्याला एकदा पंढरपूरची गाडी सुटते. एका अंगाला पीण्या इथली औद्योगिक वसाहत आणि तिथल्या शिलाई कारखान्यांतल्या बायका, दुसऱ्या अंगाला जुनी माणसं अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात ती विज्ञान संस्था, आणि मधल्या गल्ल्यांत पीजी. संगणकाच्या कंपनीत नव्यानं लागलेली लातूरची मुलगी आणि दिवसभर ओव्हरलॉक मशीनवर बसणारी तुमकूरची बाई एकाच संध्याकाळी एकच प्रश्न घेऊन येतात. दोघींच्या काखा काळ्या पडण्याची कारणं मात्र बहुतेक वेळा अगदी वेगळी असतात. आणि दोघींना हवी असते एकच ट्यूब.

त्यातल्या निम्म्याजणींना तरी खरं तर काहीच नको असतं. रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळपास सारख्याच संख्येनं असतात. फरक असतो तो त्या बनवतात त्या रंगकणांच्या आकारात, प्रमाणात आणि विखुरण्यात. आपल्या कातडीची खोड अशी की तिला काहीही झालं तरी ती रंगानं उत्तर देते. डास चावला, पुटकुळी फुटली, चटका बसला, की जखम आठवड्यात भरते आणि डाग दोन महिने राहतो. काख, जांघ, मानेची घडी इथं तर कातडीवर कातडी दिवसभर घासत असते, घाम मुरत असतो. तिथला रंग दंडापेक्षा थोडा गडद असणं हा आजार नाही, ती आपल्या कातडीची घडणच आहे. आमच्या आईच्या पिढीच्या ब्लाउजची बाही कोपरापर्यंत असायची. काख कोणत्या रंगाची आहे हे बघायला कुणाला फुरसत होती?

हा प्रश्न बाजारानं मोठा केला, हे माझं ठाम मत आहे, आणि मी बाजाराच्याच काउंटरवर उभी राहून ते सांगते. देशातली सर्वांत प्रसिद्ध गोरेपणाची क्रीम १९७५ साली आली आणि २०२० साली तिच्या नावातला 'फेअर' गेला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत चेहऱ्याचं गिऱ्हाईक पुरेसं झालं असावं, कारण मग कोपरं, गुडघे आणि काखा यांची पाळी आली. घामासाठी असलेल्या रोल-ऑनवरही 'उजळ' हा शब्द छापून यायला लागला. जाहिरातीतल्या बाया काखा वर करतात त्या एका अर्थानं. क्रीमनं काही झालं नाही की कंपनी करते ती दुसऱ्या.

पण उरलेल्या निम्म्याजणींचं काय? तिथं माझी एकच रीत आहे. मी रंगाबद्दल विचारत नाही. मी विचारते, हात लावल्यावर कसं लागतं? गुळगुळीत आहे आणि फक्त गडद आहे? जाडसर, मऊ लव असलेल्या कापडासारखं लागतं? खाजतं? कोंडा निघतो? कडा उठावदार आहेत? गाठ दुखते? बाया थबकतात. डोळ्यांनी आरशात बघून बघून त्या थकलेल्या असतात, पण बोटानं नीट चाचपून कुणी पाहिलेलं नसतं. रंगाचं उत्तर नेहमी एकच येतं, काळं. बोटाचं उत्तर मात्र चार दिशांना जातं.

सांगलीकडची एक मुलगी अशीच यायची. रात्रपाळीची नोकरी, राहणं पीजीत, हातपाय काटक, जाड म्हणावं अशी मुळीच नाही. पोट मात्र कुर्त्याखाली पुढं आलेलं. तिनं काखेचं विचारलं आणि मी तिला दिव्याखाली मान वळवायला सांगितलं. गळ्यातल्या बारीक साखळीच्या वर आणि खाली, मानेच्या मागच्या बाजूला, आडव्या रेघा होत्या. बारीक चुण्यांची पट्टी शिवावी तशा, आणि त्या रेघांच्या तळाशी काळा रंग जास्त. कडेला तिळाएवढे दोन-तीन मस लोंबत होते. "हे मळाचं आहे काकू," ती म्हणाली, "आई व्हिडिओ कॉलवर पहिलं तेच बघते. मान नीट घासत नाहीस म्हणते." ती घासत होती. काथ्यानं, प्लॅस्टिकच्या जाळीनं, मिठानं. घासून घासून ते आणखी काळं पडलं होतं.

मळ नव्हताच तो. डॉक्टर याला अॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीरात इन्सुलिन पुरेसं असतं, पण पेशी त्याचं ऐकेनाशा होतात, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. रक्तात ते इतकं वाढतं की कातडीच्या पेशींवर वाढीच्या संदेशासाठी जी दारं असतात, त्यांतूनही ते शिरतं आणि त्या पेशींना वाढायला लावतं. कातडीचे थर साचतात, चुण्या पडतात. काळं दिसतं ते मुख्यतः या साचलेल्या जाडीमुळे, रंगकण वाढल्यामुळे तितकं नाही. इन्सुलिनचं हे न ऐकणं आणि कातडीचा हा बदल यांचं नातं वैद्यकाला १९७६ सालच्या अमेरिकेतल्या एका संशोधनानं स्पष्ट करून दिलं. आता मला सांगा, वरून लावलेली गोरेपणाची क्रीम यात करणार काय? तिची सारी खटपट रंगाशी, आणि दुखणं रक्तात.

"पण मी जाड कुठं आहे?" हा तिचा पुढचा प्रश्न. त्याचं सर्वांत चांगलं उत्तर आपल्या पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी उभे, दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हातपाय बारीक, काट्यावर वजन बेताचं, आणि चरबी पोटाच्या आत लपलेली, ही आपली भारतीय ठेवण. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती जन्मतःच्या बाळांमध्येही सापडली. म्हणून आपल्याकडे वजनाच्या काट्यापेक्षा शिंप्याची टेप खरं बोलते. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की सावध व्हायचं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि १३ कोटींहून जास्त त्याच्या उंबरठ्यावरचे असल्याचा अंदाज निघाला. उंबरठ्यावरच्यांना कुठं काही दुखत नाही. मानेवर आणि काखेत मात्र बऱ्याचजणांच्या आधीच दिसू लागतं.

त्या मुलीला मी क्रीम दिली नाही. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी, आणि पाळी अनियमित आहे म्हणाली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ, एवढं कागदावर लिहून दिलं. अंडाशयाच्या त्या विकारातही, ज्याला सगळे पीसीओएस म्हणतात, काख आणि मान अशीच काळवंडते. तिची साखर उंबरठ्यावर निघाली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केलं. बाकीचं तिच्या हातात होतं, आणि ते अवघड होतं. पीजीच्या जेवणात भाताचा डोंगर, सकाळी चित्रान्न, आणि रात्रपाळीला निघताना कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीतलं दिलपसंद. आधी असलेल्या वजनातलं पाच-सात टक्के जरी उतरलं तरी कातडी निवळायला लागते, हे तिला पटायला वेळ लागला, कारण निवळायलाही वेळ लागतो. पहिल्यांदा बदलतो तो पोत. रंग त्याच्या मागून, महिन्यांनी, आणि कधी पुरता नाहीच.

शिलाई कारखान्यातल्या बायांची गोष्ट निराळी. त्यांच्या काखेत जाडपणा नसतो, जळजळ असते. एकीनं एकदा पिशवीतून ब्लाउजच काढून काउंटरवर उलटा करून ठेवला. मुंढ्याची शिवण घामानं आणि रोल-ऑनच्या थरानं पुठ्ठ्यासारखी ताठ झाली होती. आतलं अस्तर मरून रंगाचं, स्वस्त पॉलिस्टरचं, आणि त्याचा रंग बगलेच्या शिवणीवर उतरलेला. मुंढा इतका आवळ की हात पुढं-मागं झाला की शिवण कातडीवर करवतीसारखी फिरणार, आणि मशीनवर हात दिवसभर पुढं-मागंच होतात. या बाईला ट्यूबच्या आधी शिंपी हवा होता. मुंढा अर्धा इंच उसवून सैल करा, अस्तर सुती लावा, घरी आल्यावर सैल कुर्ता घाला. असलं सांगितलं की गिऱ्हाईक थोडं नाराज होतं. दुकानात आल्यावर काहीतरी घेऊन जावं अशी त्याची अपेक्षा असते.

कापडाचा दोष आणि डिओडरंटचा दोष ओळखायची एक खूण त्वचारोगतज्ज्ञ वापरतात, आणि ती घरीही उपयोगी पडते. काळेपणा किंवा पुरळ काखेच्या कडांना आहे आणि मधला खोलगट भाग बराचसा स्वच्छ आहे, तर संशय कापडावर. बरोबर मधोमध आहे, तर तिथं जे चोळता त्याच्यावर. सुगंध हा त्यातला मोठा गुन्हेगार, मग तो महागातला असो की फुटपाथवरचा. वर्षानुवर्षं चाललेली वस्तूसुद्धा एके दिवशी सोसेनाशी होते, त्यामुळे "मी तर नेहमी हाच वापरते" हा बचाव चालत नाही. महिनाभर सगळं बंद करून पाहावं. घामाचा वास येईल ही भीती असते, पण साध्या पाण्यानं दोनदा धुऊन, कोरडं पुसून, सुती कपडा घातला तर बंगळूरच्या हवेत तरी निभतं. मुंबईकरांना मी हे छातीठोकपणे सांगणार नाही.

केस काढण्याचंही तसंच. बोथट ब्लेड कोरड्या कातडीवर फिरवायचं, लगेच वर स्प्रे मारायचा, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. वॅक्सनं ओढताना कातडी सोलते. केस विरघळवणाऱ्या क्रीम जात्याच तीव्र अल्कली, पाच मिनिटांच्या जागी पंधरा मिनिटं ठेवल्या की भाजतात. प्रत्येक वेळच्या या बारीक जखमेचा हिशोब कातडी रंगात मांडते. त्यातही एक गंमत आहे. दाट, काळ्या केसांच्या बायांना ब्लेड फिरवल्यानंतर जे निळसर-काळं दिसतं, ते पुष्कळदा कातडीखाली उरलेली केसांची मुळं असतात. त्यावर जगातली कुठलीही क्रीम लावली तरी फरक पडणार नाही, कारण तिथं रंगाचा डाग नाहीच.

कधी कारण जंतूंचं असतं. तांबूस-तपकिरी, सपाट, बारीक कोंडा धरणारा चट्टा, फारसा न खाजणारा, दोन्ही काखांत. हा एरिथ्राझ्मा असू शकतो. एका साध्या जिवाणूचं काम. त्वचेचे डॉक्टर खोलीत अंधार करून त्यावर वूड्स लॅम्प धरतात आणि तो चट्टा पोवळ्यासारखा लालगुलाबी चमकतो. मात्र नुकतीच आंघोळ केलेली असेल तर चमकणारं द्रव्य धुऊन जातं आणि काहीच दिसत नाही. डॉक्टरकडे जाताना माणूस हमखास आंघोळ करून, पावडर लावून जातो, आणि पुरावा मोरीत जातो! जिवाणूवरचं मलम लावलं की हा बरा होतो आणि तो 'काळेपणा' महिन्याभरात नाहीसा होतो. सगळ्या कारणांत मला हे सर्वांत आवडतं, कारण इथं औषध खरोखर औषधासारखं वागतं.

गजकर्णाचं मात्र तसं राहिलेलं नाही, आणि याबद्दल मला राग आहे. कडा उठावदार, आतून निवळत बाहेर पसरणारा, खाजून जीव नकोसा करणारा चट्टा. यार्डातला हमाल काखेत आणि जांघेत तो घेऊन येतो आणि खालपासून चापून गुंडाळलेली, कात्रीनं कापून आतलं उरलंसुरलं चाटूनपुसून काढलेली रिकामी ट्यूब पुढं करतो. "हीच द्या." तीत बुरशीचं औषध असतं, जिवाणूचं असतं आणि भारी स्टेरॉइडही असतं. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, रंगही उजळतो. म्हणून ती गावभर पसरते. आत बुरशी मात्र सुखानं वाढत राहते, कारण स्टेरॉइडनं कातडीची राखण झोपवलेली असते. काखेची कातडी पातळ, दमट, झाकलेली. तिथून स्टेरॉइड शरीरात शिरण्याचं प्रमाण हाताच्या आतल्या बाजूच्या साडेतीन पटींच्या आसपास असल्याचं १९६७ सालीच मोजलेलं आहे. काही महिने लावली की काखेत जांभळ्या-पांढऱ्या फाटल्यासारख्या रेघा उठतात, पोटावर गरोदरपणात उठतात तशा, आणि त्या जन्मभर जात नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बरीच वर्षं ओरड केल्यावर २०१८ मध्ये सरकारनं अशी कितीतरी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. नियम झाला. मी देत नाही, तर गिऱ्हाईक चार दुकानं पुढं जातं आणि पाचव्यात त्याला मिळते. गोरेपणासाठी मैत्रिणीनं सुचवलेल्या 'तीन औषधांच्या' क्रीममध्येही हेच स्टेरॉइड असतं. ती वांगासाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोड्या आठवड्यांपुरती असते. वर्षभर काखेत चोपडण्यासाठी ती नाहीच.

ज्या डबीवर घटक लिहिलेलेच नसतात तिची तर गोष्टच सोडा. काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका घरातल्या आई आणि मुलींची मूत्रपिंडं बिघडली, आणि मुंबईच्या केईएममध्ये शोध घेता घेता धागा गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत पोचला, ही बातमी २०२३ च्या सुरुवातीला छापून आली होती. पारा रंग बनवणारी प्रक्रिया अडवतो हे खरं आहे. तो कातडीतून आत शिरतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो हेही तितकंच खरं आहे.

मग घरगुती उपाय करतात. लिंबू आणि खाण्याचा सोडा ही जोडी पहिली. कातडीला सुमारे ५ इतका सौम्य आम्लपणा मानवतो. लिंबू २ च्या आसपास, सोड्याचं पाणी ८ च्या वर. एक चावा घेतं, दुसरं राखण काढून घेतं, आणि खरखरीत सोडा वरून घासतो तो वेगळाच. बटाट्याचा काप निरुपद्रवी आहे, त्यानं नुकसान फक्त भाजीचं होतं. दही-बेसन लावून हलक्या हातानं धुतलं तर हरकत नाही, पण आपल्याकडे बेसन लावलं की ते वळ निघेपर्यंत चोळायचं असतं अशी समजूत आहे. तुरटीनं घाम थोडा कमी होतो, रंगाशी तिचा संबंध नाही. दिवाळीतलं उटणं दिवाळीतच ठीक. साबणाबद्दल मात्र इथं जपून बोलावं लागतं. आमच्या पुढचं मेट्रो स्टेशनच सँडल सोप फॅक्टरी. पहिल्या महायुद्धात चंदनाची निर्यात अडकली, तेव्हा नाल्वडी कृष्णराज वाडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी १९१६ साली चंदनतेल काढायला सुरुवात केली आणि १९१८ साली त्यातून साबण निघाला. माहेरी जाताना मीही त्याच वड्या नेते. पण कुठलीही नेहमीची साबणवडी, सुगंधी असो की साधी, अल्कलीच असते, ९-१० च्या घरात. ज्यांची काख आधीच चिडलेली आहे त्यांनी काही दिवस तिथं साबण लावूच नये.

खरं काय चालतं, असं विचाराल तर यादी छोटी आहे आणि कंटाळवाणीही. जाडसरपणा असेल तर युरिया किंवा लॅक्टिक आम्लाची क्रीम. डॉक्टरांनी सांगितलं तर अॅडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइन, वाटाण्याएवढं, एक रात्र आड, आणि गरोदरपणात मुळीच नाही. खरचटून-जळून पडलेल्या रंगासाठी अॅझेलिक आम्ल, नियासिनामाइड. हायड्रोक्विनोन मोजक्या महिन्यांपुरतं आणि देखरेखीखालीच, कारण अतिवापरानं ते उलटून निळसर-काळे कायमचे डाग पाडतं. पील आणि लेझर यांचे पैसे द्यायच्या आधी मूळ कारण थांबलं आहे का ते पाहावं. आवळ मुंढा आणि रक्तातलं इन्सुलिन जागच्या जागी असेल तर सहा महिन्यांत काळेपणा परत येतो, आणि पैसे परत येत नाहीत. अन् चिवट धीर. आठवड्यात फरक दाखवणारं जे काही असेल, त्याच्या घटकांत स्टेरॉइड शोधावं.

थोड्या गोष्टी मात्र दुकानात थांबू नयेत. पन्नाशीपुढच्या, सडपातळ माणसाला काखेत-मानेत हा जाडसर काळेपणा अचानक, दोन-चार महिन्यांत आला, ओठ-जिभेवर किंवा तळव्यांवरही खरखर आली, वजन उतरतंय, तर ती पोटातल्या कर्करोगाची चाहूल असू शकते. विरळ आहे, पण आहे. सगळं अंगच काळवंडतंय, हिरड्या आणि तळहाताच्या रेषाही, आणि सतत गळून जायला होतंय, तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथींची तपासणी हवी. दुखऱ्या गाठी पुन्हापुन्हा येऊन फुटत असतील तर तो वेगळा, हट्टी आजार आहे. काळेपणा त्याचा फक्त शेवट.

या साऱ्यात एक गोष्ट मला खटकत आली आहे. पुरुष विचारायला येत नाहीत. ज्या काळेपणानं मुली स्लीव्हलेस घालणं सोडतात, लग्नाच्या आधी तीन-तीन महिने झुरतात, तोच काळेपणा पुरुष शर्टाच्या कॉलरखाली दहा वर्षं वागवतात आणि त्यांना त्याची खबरही नसते. मुली नको त्या कारणासाठी का होईना, येतात तरी. पुरुष अॅसिडिटीची गोळी घ्यायला येतात आणि पाकीट काढायला वाकले की मान दिसते.

सोलापूरचा एक ड्रायव्हर असाच आला होता, कांद्याची गाडी यार्डाबाहेर लावून. चाळिशीचा, बारीक, पोट सुटलेला. मान काळी, चुण्या पडलेली. मी म्हटलं, "दादा, साखर कधी तपासली?"

"ते उन्हाचं आहे, ताई. दिवसभर केबिनमध्ये ऊन लागतं."

"काखेतही आहे का तसं?"

त्यानं जरा विचार केला. "आहे की."

"मग तिथं कुठलं ऊन?"

तो हसला, पण बाकावर बसला. जेवून दोन तास होऊन गेले होते. बोट टोचलं, यंत्रावर आकडा आला २६३. त्याला आकड्याचा अर्थ माहीत होता, वडिलांना होता हा रोग. बिलाच्या पाठीमागे मी दोन तपासण्यांची नावं लिहिली. त्यानं विचारलं, इथं थांबायला वेळ नाही, गाडी उतरली की परतायचंय, सोलापूरला केलं तर चालेल का? चालेल म्हटलं, तिथंच करा आणि लगेच करा. फक्त आदल्या रात्री दहानंतर काही खायचं नाही, सकाळी चहासुद्धा नाही. आणि बायकोलाही बरोबर न्या, कंबर मोजायला टेप तिच्याकडे असेलच.